कुलूपवालीच्या घरची खबरबात

९ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार, विनंती विशेष.

लग्नानंतर माझं तुम्हाला हे दुसरंच पत्र. पहिलं आभाराचं होतं, हे चौकशीचं आहे. रागावू नका.

मुलीसाठी मी स्वेटर विणला. घरी पाठवला तर "कशाला गं एवढं" म्हणून कपाटात टाकेल, म्हणून कुलपांच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवला. तिथल्या मैत्रिणी तरी तिला घालायला लावतील असं वाटलं. काल पार्सल परत आलं. वर लाल शाईत लिहिलंय, या नावाची व्यक्ती येथे कामास नाही. शिक्षण संपल्यापासून ती तिथं तपासनीस आहे, मग ती व्यक्ती गेली कुठं?

मुलाला फोन लावायला सांगितला. माझे कान गेल्यापासून फोनवर तो बोलतो आणि मला मोठ्यानं सांगतो. ती म्हणे, "सगळं ठीक आहे, कामात आहे." कसल्या कामात, हे यानं विचारलंच नाही. पुरुषांना फोनवर दोन वाक्यांपुढे जाता येत नाही. मी जन्मभर टेलिफोन कचेरीत लोकांच्या तारा जुळवल्या आणि आता स्वतःच्या मुलीची लाइन लागत नाही.

ती आजारी आहे का? नोकरी गेली का? की तुमच्याकडे काही बिनसलंय? जे असेल ते लिहा. मी विचारलं हे मात्र तिला कळू देऊ नका.

तुमच्या सुनेची आई


१७ जानेवारी

विहीणबाई, तुम्हालाही नमस्कार.

पत्र वाचलं आणि आधी घडी घालून ठेवून दिलं. मग बरं वाटलं. कारण ही गोष्ट कोणाला तरी सांगावी म्हणून मी कधीची तळमळतेय. सूनबाईंनी मला "आईला सांगू नका" असं बजावलेलं नाही. "आईला मी सांगेन" एवढंच म्हणाल्या होत्या. त्यांनी सांगितलं नाही, आता मी सांगते. यात वचनभंग होत नाही, मी नीट तपासून पाहिलंय.

सूनबाईंनी नोकरी सोडली. कोणी काढलं नाही, स्वतः सोडली. आमच्या इमारतीखाली पूर्वी सायकली ठेवायची एक खोली होती, ती भाड्यानं घेतली आणि तिथं कुलूप-किल्लीचं दुकान काढलं. एक टेबल, किल्ल्या कापायचं यंत्र, भिंतभर खिळ्यांना टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, आणि बाहेर पाटी. दार आपटून बंद झालं, किल्ली आत राहिली, कुलपात तुटली, की लोक फोन करतात आणि या पिशवी उचलून निघतात. कारखान्यात कुलूप चोराला उघडतं का, हेच तपासायचं काम होतं. म्हणजे चोराच्या डोक्यानं विचार करायचा पगार मिळत होता. आता म्हणतात, "तेच घरच्या माणसाच्या बाजूनं करतेय."

तुम्हाला का सांगितलं नसेल? तुम्ही चारचौघांत "माझी मुलगी तपासनीस" असं म्हणता, ते त्यांच्या मनात असणार.

घरचं म्हणाल तर चाललंय. नातीला, आपल्या चिमणीला, शाळेतून मी आणते. ताटं मांडली की हमखास फोन वाजतो. लोकांना दाराबाहेर अडकायला जेवणाचीच वेळ सापडते. सूनबाई परत येईपर्यंत आमटीवर साय धरते. माझा मुलगा काही बोलत नाही. तो पहिल्यापासून कमी बोलतो, पण आता कमीच्याही खाली गेलाय.

स्वेटर मला पाठवा. मी देते, माझ्या पद्धतीनं.

तुमच्या जावयाची आई


२८ जानेवारी

विहीणबाईंना,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा रडू आलं, तिसऱ्यांदा चष्मा पुसून नीट वाचलं, तेव्हा मात्र प्रश्नच प्रश्न पडले.

ही मुलगी लहानपणी कधी काही उघडून बघणारी नव्हती. खेळणं मोडलं तर ते तसंच ठेवून दुसरं घ्यायची. मग हे कुठून आलं? हाक मारणारे लोक कोण असतात? परक्या पुरुषाच्या दारात ही एकटी गुडघे टेकून बसते का? आत काय दिसतं? लोक लाजतात की नाही, घरात पसारा असताना? आणि दार उघडलं की चहा विचारतात का? तुम्ही सगळं लिहिलंत आणि महत्त्वाचं तेच गाळलंत.

मला काय वाटलं हे खरंच सांगू? मुलीनं धंदा काढला याचं दुःख नाही. तिला माझी भीती वाटली, ते लागलं.

जावईबापू डिसेंबरात त्यांच्या पंपांच्या कारखान्याच्या कामासाठी इकडे आले होते, तासभर आमच्याकडेही येऊन गेले. तब्येत बरी वाटली. घाईत होते. बाकी विशेष काही बोलले नाहीत.

स्वेटर पाठवलाय.

तुमच्या सुनेची आई


१० फेब्रुवारी

विहीणबाई,

स्वेटर पोचला. "दुकानात गारठा फार" एवढंच मी म्हटलं आणि खुर्चीवर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी अंगात होता. कोणी विणला हे टाक्यांवरून ओळखलं असणार. माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर बघितलं.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं देणारच होते, पण मध्ये एक वाईट गोष्ट झाली.

एका माणसानं बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, हातात बॅग, बोलणं मऊ. किल्ली आत राहिली म्हणाला. सूनबाईंनी दार उघडून दिलं, त्यानं दोनदा आभार मानले. दुसऱ्या दिवशी त्या घरातली बाई खाली दुकानात आली. तो तिचा नवरा होता. पूर्वी तिथं राहायचा, आता नाही. त्याला आत येता येऊ नये म्हणूनच तिनं कुलूप बदललं होतं. तिची कपाटं रिकामी करून तो गेला होता. ओरडली नाही ती. एवढंच म्हणाली, "बाई म्हणून तुमची पाटी बघून मला बरं वाटायचं." ओरडली असती तर परवडलं असतं.

पोलीस ठाण्यात जाऊन जबाब द्यावा लागला. साहेब चांगले होते, सूनबाईंची चूक नाही म्हणाले. तो माणूस सापडला, वस्तूही बऱ्याचशा मिळाल्या. पण सूनबाई दोन दिवस ताटावरून तशाच उठल्या. माझा मुलगा म्हणाला, "पुरे झालं आता." तर म्हणाल्या, "उघडणं चुकलं नाही. विचारणं चुकलं." तो चिमणीच्या वहीला कव्हर घालत बसला.

मला त्याचं हे गप्प राहणं कळत नाही. भांडण झालं तर आवाज तरी होतो. याचं म्हणजे नळ बंद असताना पाणी कुठं मुरतंय हे शोधण्यासारखं आहे. तुमच्याकडे आला होता तेव्हा खरंच काही बोलला नाही? तासभर माणूस नुसतं बसतं का?

तुमच्या जावयाची आई


१९ फेब्रुवारी

विहीणबाईंना,

पोलिसांचं वाचलं. दुकान बंद करा असं लिहिणार होते. कागद अर्धा झाला, मग फाडला. जिनं मला सांगितलंच नाही, तिला मी बंद कर तरी कोणत्या तोंडानं सांगू?

पण मला आता तुमच्याबद्दल विचारायचंय. या आठवड्यात मुलानं तुमच्या घरी तीनदा फोन लावला, संध्याकाळी. तिन्ही वेळा नातीनं उचलला. आई कुठं, तर कामावर. आजी कुठं, तर म्हणे, "आजी कुलपावर गेलीय." मुलाला वाटलं माझ्यासारखंच त्यालाही ऐकू येईनासं झालं. तुझ्याजवळ कोण आहे, हेही त्यानं विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा आहेत. बाबा भांडी घासतात. त्यांना फोन देऊ का, की ओल्या हातांनी नको?"

विहीणबाई, हे काय चाललंय? तुमच्या पत्रांत तुम्ही कायम घरात असता, आमटीवर साय धरताना बघत. मग कुलपावर कोण जातं?

बारीकसारीक सगळं लिहा.

तुमच्या सुनेची आई


१ मार्च

विहीणबाई,

पकडलंत. चिमणीच्या पोटात काही राहत नाही, माझ्यावर गेलीय.

त्या प्रसंगानंतर सूनबाई दार उघडण्याआधी माणसाला दहा प्रश्न विचारू लागल्या. पण खोटं बोलणारा दहाची अकरा उत्तरं देतो. आणि खरं बोलणारा बिचारा बाहेर उन्हात उभा, वैतागलेला, त्याला स्वतःच्या घराचा नंबर आठवत नाही. एके दिवशी मी भाजी आणायला निघाले होते, त्याच रस्त्याला त्यांचं काम होतं, म्हणून बरोबर गेले. एक तरुण मुलगा दाराबाहेर अडकला होता, त्या खाली बसून अवजारं मांडत होत्या. मला तहान लागली, मी समोरच्या दाराची घंटी वाजवली. म्हाताऱ्या बाईला पाणी कोणी नाही म्हणत नाही. अर्धा पेला होईपर्यंत मला कळलं की तो मुलगा तिथलाच, आई गावाला गेलीय, आणि त्याचं लग्न दोनदा मोडलंय. मी वळून म्हटलं, "उघडा सूनबाई."

तेव्हापासून जाते. लोक ज्याला माझा भोचकपणा म्हणत आले, आमचे हे तर म्हणायचे, "तुला वर्तमानपत्रात नोकरी मिळाली असती," त्याला आता कामाचं मोल आलंय. संशय आला तर आमची खूण ठरलीय. मी म्हणते, "सूनबाई, मी गॅस बंद केला होता ना?" की त्यांनी पिशवी आवरायची. एकदा एक माणूस फुलांचा गुच्छ घेऊन उभा होता, बायकोला चकित करायचंय म्हणाला. समोरच्या बाईनं त्याला बघितलं आणि पाणी न देताच दार लावलं. मी म्हटलं, गॅस. सूनबाई म्हणाल्या, "नाही हो, बंद नाही केलात." आम्ही दोघी जिना अशा उतरलो की माझे गुडघे आहेत हेच विसरले.

तुमचे राहिलेले प्रश्न. चहा फारसे विचारत नाहीत, पण नंतर खूप वेळ बोलत राहतात. पसाऱ्याची लाज सगळ्यांना वाटते. आत बहुतेक घरं आपल्यासारखीच असतात.

मी सांगितलं नाही, कारण तुम्हाला वाटेल, सासू घर सोडून सुनेवर पाळत ठेवते. आणि जरा असंही वाटलं, की हे तुम्हाला हसू येण्यासारखं आहे.

संध्याकाळी मुलगा लवकर येतो. चिमणीचा अभ्यास, जेवण, भांडी, सगळं करतो. कुरकुर नाही. पण असं करतो, जणू दंड भरतोय. याला काय झालंय?

तुमच्या जावयाची आई


१२ मार्च

विहीणबाईंना,

हसले. माझी सून खोलीत धावत आली, तिला वाटलं मी पडले.

आता मात्र माझ्याही मनात जे दाबून ठेवलंय ते सांगते. तुम्ही दोनदा विचारलंत आणि दोनदा मी टाळलं. जावईबापूंनी कोणाला सांगू नका म्हटलं होतं.

डिसेंबरात आले तेव्हा त्यांना मला खासगी काही सांगायचं होतं. दार लावून घेतलं. पण मला हळू ऐकू येत नाही. कानात सांगायची गोष्ट त्यांना ओरडून सांगावी लागली. समोरच्या घरातली माणसं खिडकीत आली. म्हणजे आमच्या गल्लीला जे डिसेंबरपासून ठाऊक आहे ते तुम्हाला नाही.

त्यांना बढती मिळतेय. मोठी जागा, पण दुसऱ्या शहरात, आणि मार्चअखेर तिथं हजर व्हायचंय. बायकोला अजून सांगितलं नाही म्हणाले. मग बराच वेळ बोलत होते, त्यातलं निम्मं मला कळलं. चेहरा असा, की परीक्षेचा पेपर कोरा देऊन आलेत.

मार्च निम्मा झाला. तुमच्या पत्रात सामान बांधल्याचा उल्लेख नाही. ते ऐनवेळी सांगणार आहेत की काय? तिचं दुकान आत्ता कुठं उभं राहतंय. ते उचलून नेता येत नाही, ओळखीवर चालतं ते. आणि ते एकटे गेले तर घराचं काय? तुम्ही आई आहात, बघा काही करता येतं का. मात्र माझं नाव पुढं करू नका.

तुमच्या सुनेची आई


१८ मार्च

विहीणबाई,

घाईत दोन ओळी. पत्र वाचलं. काल रात्रीचं जेवण वाढताना चार वेळा शब्द ओठांवर आले. पण हा त्या दोघांचा विषय आहे. मी मध्ये पडले तर मुलगा म्हणेल सासूनं सांगितलं आणि सूनबाई म्हणतील सासूला आधी कळलं. दोन्हीकडून सासूच. तेव्हा गप्प आहे. आयुष्यात पहिल्यांदाच, त्यामुळे सवय नाही. डोकं दुखतं.

गुडघाही सुजलाय. काही झालं की कळवते.

तुमच्या जावयाची आई


१६ एप्रिल

विहीणबाईंना,

मार्च संपला, एप्रिल अर्धा उलटला, तुमचं अक्षर नाही. मुलाला फोन करायला सांगितलं, तर मुलगी त्याला म्हणाली, "आईला सांग, नंतर बोलते," आणि ठेवला. नंतर म्हणजे कधी? जावईबापू आहेत की गेले?

वाईट असेल तरी लिहा. मी वाईट वाचू शकते. न आलेलं पत्र मात्र मला वाचता येत नाही.

तुमच्या सुनेची आई


२३ एप्रिल

विहीणबाई,

माफ करा. लिहायला बसायचे आणि काय लिहू कळायचं नाही. आता सगळं क्रमानं सांगते.

मार्चअखेर आली आणि गेली. मुलगा रोज होता तिथंच कामाला जात होता. बॅग नाही, काही नाही. मला वाटलं तुम्हाला चुकीचं ऐकू आलं असेल. माफ करा, पण तसं वाटलं.

मग एका रविवारी सकाळी फोन आला. एका बाईचं दार वाऱ्यानं लागलं, आत दोन वर्षांचं पोर आणि शेगडीवर दूध. माझा गुडघा फुगलेला, मला उठता येईना. मुलगा कपडे वाळत घालत होता. मी म्हटलं, "तू जा बरोबर. एकटीला पाठवू नकोस." तो गेला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

तिथं काय झालं ते सूनबाईंनी नंतर सांगितलं. पोर दारामागे रडायचं, मग आत स्वयंपाकघराकडे पळायचं, आई बाहेरून हाका मारून थकलेली. सूनबाई लॅचपाशी बसल्या. आणि माझा मुलगा दाराच्या पत्रं टाकायच्या फटीशी पालथा पडला आणि पोराला पंपाचे आवाज काढून दाखवू लागला. छोटा पंप कसा बोलतो, मोठा कसा बोलतो, पंपाला सर्दी झाली की कसा बोलतो. पोर फटीशी येऊन बसलं ते हललं नाही. दूध उतू गेलं, जळलं, पण पोर दाराशी होतं. दार उघडलं तेव्हा ते याच्या नाकाला बोट लावून बसलेलं.

जिना उतरताना सूनबाई हसत होत्या. म्हणाल्या, "तुला हे येतं हे मला माहीतच नव्हतं." आणि हा बोलून गेला, "बरं झालं गेलो नाही."

"कुठं?"

तिथून जे सुरू झालं ते घरी आलं. मी भिंतीला कान लावला नव्हता. लावायची गरजच नव्हती.

सूनबाई म्हणाल्या, "बढतीचं कधी विचारलं त्यांनी तुला?"

"नोव्हेंबरात."

"आणि तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं. डिसेंबरातच लिहून दिलं."

विहीणबाई, कळतंय ना? तो जाणार म्हणून आपण दोघी धास्तावलो होतो, आणि त्यानं कधीच नको म्हणून टाकलं होतं.

"मला न विचारता?"

"तू नुकतंच दुकान घेतलं होतंस. विचारलं असतं तर तू बंद केलं असतंस."

"ते मी ठरवलं असतं."

"मी तुझ्यासाठीच केलं."

"मग तेव्हापासून तोंड पाडून का वावरतोस? मला वाटलं, तुला माझं काम आवडत नाही. रोज शटर उघडताना वाटायचं, आज हा म्हणेल बंद कर. पाच महिने मी त्या भीतीनं काम केलंय. आणि तू तिकडे एकटाच मोठा होऊन बसलास."

तो म्हणाला, "तुझ्या आईलाच विचारलं होतं मी, तुला सांगू का म्हणून. त्या म्हणाल्या, नको."

सूनबाई उठल्या आणि खाली दुकानात गेल्या.

विहीणबाई, तुम्ही असं का म्हणालात? मी तुम्हाला दोष देत नाही. पण पत्र न लिहिण्याचं कारण हेच होतं. सूनबाई तुमच्यावर रुसल्यात, मुलगा सूनबाईंना तोंड दाखवत नाही, दोघं चिमणीमार्फत मीठ मागतात. चिमणी काल म्हणाली, "मी काय पोस्टमन आहे?"

तुमच्या जावयाची आई


२९ एप्रिल

विहीणबाईंना,

तुमचं पत्र आल्यापासून मी तो डिसेंबरातला तास पुन्हा पुन्हा आठवतेय. ते दारात उभे होते, निघताना. काहीतरी विचारलं. मला ऐकू आलं, "जेवायला थांबू का?" घरात त्या दिवशी काही शिजवलेलं नव्हतं आणि त्यांच्या गाडीची वेळ झाली होती. मी म्हटलं, "नको, आत्ता नको. पुढं कधीतरी, निवांत."

त्यांनी मान हलवली आणि गेले. तोंड उतरलं होतं. मला वाटलं जेवण हुकलं म्हणून. मी दिवसभर हळहळले, जावयाला उपाशी पाठवलं म्हणून.

"तिला सांगू का", "जेवायला थांबू का". माझ्या कानांना दोन्ही सारखंच.

हे मी आजच मुलीला आणि जावईबापूंना वेगवेगळं लिहिलंय. एकाच पाकिटात घातलं असतं तर चिमणीलाच वाटप करावं लागलं असतं. मुलीला आणखीही लिहिलं, की मी आता लोकांना सांगते, माझी मुलगी कुलपं उघडते, आणि ऐकणारे सगळे आपापल्या दारांच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात.

तुम्हाला एक विचारते. कोणी न मागता आपल्यासाठी काही सोडलं, तर ऋण मानायचं की राग धरायचा? मला उत्तर येत नाही. मी मुलीच्या जागी असते तर आधी राग धरला असता, आणि मग रात्री पांघरूण त्याच्या अंगावरही सारखं केलं असतं.

पुढं काय झालं ते कळवा. लगेच.

तुमच्या सुनेची आई


२० मे

विहीणबाई,

तुमची पत्रं आली त्या दिवशी संध्याकाळी सूनबाईंच्या खोलीतून हसणं ऐकू आलं. मग रडणं. मग पुन्हा हसणं. मुलगा दाराबाहेर स्वतःचं पत्र हातात धरून उभा होता, आत जावं की नाही अशा विचारात. मी त्याला हातानं ढकललं.

पण एवढ्यानं सगळं मिटलं असं समजू नका. दुसऱ्या दिवशी तो वरच्या साहेबांकडे गेला, ती जागा अजून आहे का विचारायला. सूनबाईंनीच सांगितलं, "आधी विचारून ये. मग काय करायचं ते आपण दोघं ठरवू." तो परत आला, हात धुऊन ताटावर बसला आणि म्हणाला, "जागा भरली. दुसरा जण बायकामुलांसकट गेलासुद्धा."

सूनबाईंनी विचारलं, "वाईट वाटतंय?"

"हो."

"मलाही."

इतकंच. पण त्या जेवणात मीठ चिमणीकडे कोणी मागितलं नाही.

आता त्यानं दौऱ्याचं काम सोडून कारखान्यातलं दुरुस्तीचं काम मागून घेतलंय. जायची-यायची वेळ ठरलेली, आणि पंपाजवळ राहायला मिळतं, जे त्याला पहिल्यापासून हवं होतं म्हणे. मला माहीत नव्हतं. सूनबाईंच्या कारखान्यातली एक मैत्रीण येत्या महिन्यापासून दुकानात येणार आहे, म्हणजे जेवणाच्या वेळचे फोन एकाआड एक दिवस तिच्याकडे. माझ्या गुडघ्याची सूज उतरली, तेव्हा मी कामावर रुजू आहे. मुलगा कधी कधी तोंड पाडतो अजून, पण आता सूनबाई लगेच विचारतात, "काय सोडलंस आज?" तो चिडतो, मग सांगतो.

आणि एक गोष्ट. गेल्या बुधवारी, भर कामाच्या दिवशी, सूनबाईंनी दुकानाच्या शटरवर "आज बंद" असा कागद लावला. दुकान काढल्यापासून हे पहिल्यांदाच. मुलानंही रजा घेतली. चिमणी सुट्टीतल्या शिबिराला गेल्यावर दोघं बाहेर पडले. पिशवी नाही, अवजारं नाही. "येतो संध्याकाळपर्यंत," एवढंच सांगितलं.

दिवेलागणीला आले. मुलाच्या बुटांना चिखल होता आणि सूनबाईंचं नाक उन्हानं लाल झालेलं. दोघं दमलेले, भुकेलेले, आणि एकमेकांकडे न बघता हसत होते, म्हणजे बघण्याची गरज नव्हती.

विहीणबाई, शेजारच्या चार रस्त्यांवरच्या कुठल्या घरात कोण राहतं, कोणाचं कोणाशी पटतं, हे मी पेलाभर पाण्यात काढून घेते. माझी स्वतःची माणसं दिवसभर कुठं होती हे मला ठाऊक नाही. जेवताना प्रश्न अगदी जिभेवर आला होता. मी भाजी वाढली आणि गिळून टाकला.

नाही विचारलं. तुम्हीही विचारू नका.

तुमच्या जावयाची आई


२७ मे

विहीणबाईंना,

नाही विचारणार. तुम्ही केलंत तेच बरोबर. काही दारं उघडता येत असली तरी उघडायची नसतात, एवढं मलाही कळतं.

चिखल लाल होता की काळा, तेवढं मात्र कळवा.

तुमच्या सुनेची आई